मम्मीची स्कूटी, पानं आठ

लोणंदच्या रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर जायला लागले, की मी वर्गाच्या खिडक्या लावून घेतो. मागं दोन-दोन ट्रॉल्या, कधी घसरेल सांगता येणार नाही असा वर रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर बांधलेल्या स्पीकरमधून असलं काही गाणं, की खिडक्यांच्या काचासुद्धा हलाव्यात. पोरं कुरकुरतात, ‘सर, गरम होतंय.’ मी म्हणतो, जानेवारीत कुणाला गरम होत नसतं, गप चित्र काढा. गाणं थोडंफार अडतं. वास अडत नाही. उसाच्या चिरडलेल्या वाढ्यांचा आणि डिझेलचा मिळून जो एक वास होतो, तो दाराखालून येतो आणि तास संपेपर्यंत वर्गात बसून राहतो.

हाच प्रकल्पांचाही हंगाम. गॅदरिंग उरकलेलं असतं, परीक्षेला अवकाश असतो, आणि वरून एक कागद येतो की प्रत्येक वर्गाचा एक सर्जनशील प्रकल्प झाला पाहिजे. सर्जनशील हा शब्द कागदावर आला की मी तो कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये सारतो. यंदा नववीच्या पोरांनी स्वतःहून सुचवलं, ‘सर, कॉमिक काढूया की.’ मी म्हणालो, नाही, भित्तिपत्रिका. ‘का, सर?’ मी सांगितलं, कागद कमी लागतो. हे साफ खोटं होतं आणि ते त्यांनाही कळलं, पण चित्रकलेच्या मास्तराशी कोण वाद घालणार?

मी मूळचा मेढ्याकडचा. आमच्याकडं भात, नाचणी आणि चार महिने धुकं. ऊस मी जवळून पाहिला तो पलूसजवळच्या एका गावात बदली झाल्यावर. पहिल्याच हिवाळ्यात पोरं वर्गात रंग देत बसलेली असताना वरून काळी काळी पिसं पडायला लागली. मी दचकलो. पोरांना काही नाही. कुणीतरी तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं होतं, त्याची राख उडून यायची. पांढऱ्या कागदावर ती पडली की हात लावायचा नाही, नुसती फुंकर मारायची. हात लावला की काळा फराटा ओढला जातो आणि चित्र गेलं. हे मला एका सातवीतल्या मुलीनं शिकवलं. दोन वर्षांची कलाशिक्षकाची पदविका घेऊन मी आलो होतो, पण फुंकर मारायला तिथं शिकलो.

गाव फौजींचं. गल्लीत दर दोन घरांआड एक माणूस सैन्यात. रिटायर झालेले सुभेदार पहाटे पाचला रस्त्यानं ताड ताड चालायचे, आणि शाळेच्या प्रार्थनेला पोरांच्या ओळी अशा सरळ लागायच्या, की आमच्या पीटीच्या सरांना काही कामच उरायचं नाही. एखादं पोर सलग चार दिवस आलं नाही तर हजेरी घेताना बाकीची पोरं परस्पर सांगायची, ‘त्याचं पप्पा आल्यात.’ पुढं कुणी काही विचारत नसे. वडील सुट्टीवर येणं हे आजारपणासारखंच रजेचं सबळ कारण होतं.

तिथंच एका वर्षी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, मी नववीला चित्रकथा दिली. दोन कोरे कागद मधोमध दुमडायचे, एकात एक घालायचे, मध्ये पिना मारायच्या, झाली आठ पानं. पानावर चौकटी किती ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बोलायचं ते फुग्यात, मनातलं ढगात. आधी पेन्सिल, मग काळं जेल पेन, शेवटी रंग. पोरांनी माना डोलावल्या आणि आठवड्यानं माझ्यासमोर जो गठ्ठा आला त्यात अकरा जणांनी झाडं लावली होती, नऊ जणांनी पाणी वाचवलं होतं आणि सहा जणांची दारू सुटली होती. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अरे, हे कुठं बघितलंत तुम्ही? तुमच्या घरात कधीच काही घडत नाही का रे? घरातलं काढा. घडलेलं काढा. हसू आलं तर आणखी चांगलं.

मधल्या रांगेत सानिका बसायची. अभ्यासात बेताची, हात मात्र सुरेख. रेघ ओढताना तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून थोडी बाहेर यायची. तिनं दुसऱ्याच दिवशी पहिलं पान आणून दाखवलं. वर ठसठशीत नाव: ‘मम्मीची स्कूटी’. मी विचारलं, हे खरं घडलंय? म्हणाली, ‘व्हय सर, दिवाळीनंतर. पप्पा सुट्टीवर आल्यावर.’

तिचे वडील सैन्यात हवालदार. दीड महिन्याची सुट्टी घेऊन आले आणि बायकोला गाडी शिकवायचीच असा पण केला. पहिल्या दोन पानांत नुसता नकार होता. आई कणीक मळतेय आणि फुग्यात, ‘मला न्हाई जमायचं.’ आई धुणं वाळत घालतेय, ‘आवं, लोक काय म्हणत्याल?’ तिसऱ्या पानावर ती एकदाची गाडीवर बसली, डोळे गच्च मिटून. वडील मागचं कॅरिअर धरून पळतायत, तोंडातून कवायतीच्या हुकमांचे फुगे, कपाळावरून घामाचे थेंब, आणि बाजूला गोठ्यातली म्हैस ढगातून विचार करतेय, ‘ही हिकडंच का येतीया?’ पाचव्या पानापर्यंत बाईंना बऱ्यापैकी जमलं. सहाव्या पानावर त्या एकट्या, मोकळ्या रस्त्यावर, ऐटीत. आणि समोरून येतात चुलत सासरे.

आता सासरे समोर दिसल्यावर त्या गावची सून काय करणार? डोक्यावर पदर घेणार. तिनं घेतला. दोन्ही हातांनी, नीट, कपाळापर्यंत. स्कूटी सरळ पाटात.

मी स्टाफरूममध्ये एकटा बसून हसलो होतो. सातव्या पानाच्या तळाला पाटातून फक्त एक पदर वर आलेला, आणि काठावर उभे राहून सासरे म्हणतायत, ‘ऱ्हाऊ दे गं पोरी, ऱ्हाऊ दे.’ पंधरा वर्षं चित्रकला शिकवत होतो, मुलांच्या कागदावर असा विनोद मी पाहिला नव्हता. वर्गात वाचून दाखवलं तर पोरं बाकं बडवायला लागली. सानिका लाजली, पण तिला फार आवडलं ते. आठवं पान राहिलं होतं. त्यात वडिलांची सुट्टी संपते आणि आई त्यांना स्वतः स्कूटीवरून पलूसच्या स्टँडवर सोडायला जाते. पुढं आई, मागं वडील बॅग मांडीवर घेऊन.

तो मंगळवार होता. राख पडत होती, म्हणून खिडक्या लावलेल्या. अकराच्या सुमारास दारात एक माणूस येऊन उभा राहिला. सानिकाचा चुलता. पालकसभेला नेहमी तोच यायचा, म्हणून ओळखत होतो. त्यानं सानिकाकडं बघितलंही नाही. म्हणाला, ‘सर, जरा हेडसरांकडं येता का?’

ऑफिसात तो खुर्चीवर बसला नाही. भिंतीला टेकून उभ्या उभ्याच म्हणाला, ‘दादा गेलं आमचं. बर्फात गाडी घसरली म्हणं. पहाटं फोन आला.’ मग एकदम व्यवहाराचं बोलायला लागला. ‘वैनीला न्हाई सांगितलं अजून. म्हातारीला बी न्हाई. उद्या सांजच्यापातूर आणत्याल. डिशची वायर काढून टाकलीया, मोबाईल लपिवल्यात, वैनीची गाडीची चावी बी काढून घेतली, न्हाईतर जाईल पलूसला आन् कोन तरी बोलंल. पोरीला तेवढं हितं गुतवून ठेवा. घरात आली तर त्वांडं बघूनच वळखंल.’

हेडसर त्या गावचेच. त्यांना यातलं काही समजावून सांगायला लागलं नाही. तिथं तशीच रीत आहे. बातमी आधी सगळ्या गावाला कळते, मग आसपासच्या गावांना, आणि सगळ्यात शेवटी, गाडी दारात आल्यावर, जिचं माणूस गेलं तिला. तोवर तिच्या घरी चूल पेटते, ती जेवते, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा करते. लोक तो चहा पितात. दोन दिवस तिला जेवढा श्वास घेता येईल तेवढा घेऊ द्यावा, असा त्यामागचा विचार. दुष्टपणा त्यात कुणाच्याच मनात नसतो.

हेडसर माझ्याकडं वळून म्हणाले, ‘तुमचं ते कॉमिक चालू आहे ना? आज दिवसभर नववीचे सगळे तास तुम्हीच घ्या.’

मी बरं म्हणालो. याहून वेगळं काही म्हणता आलं असतं का, हे तेव्हा मनातही आलं नाही. वर्गात गेलो, फळा पुसला आणि सांगितलं, आज दिवसभर चित्रकथा. पोरांनी आनंदानं आरडाओरडा केला. सानिकासुद्धा त्यात होती.

दुपारच्या सुट्टीत मी डबा खाल्ला. पूर्ण खाल्ला. मेथीची भाजी होती, थोडी खारट झालेली, तेही माझ्या लक्षात आलं. पुढं कैक वेळा मी स्वतःला विचारलं, की त्या वेळी मला काय वाटत होतं. खरं सांगायचं तर काही नाही. आत काहीतरी बधिर झालं होतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपल्याला परका लागतो ना, तसं. हात लावला तर कळतं की गाल आहे, बस्स.

जवळची पोरं दुपारी जेवायला घरी जायची. ती परत आली ती कळूनच आली. दारातून आत येतानाच मला ते दिसलं. कुणी पळत आलं नाही, कुणी कुणाची टोपी उडवली नाही. डबा आणणाऱ्यांपर्यंत ते पाच मिनिटांत पोचलं, कसं ते मला ठाऊक नाही, कारण कुणाचे ओठ हललेले मी पाहिले नाहीत. सानिका लांबच्या मळ्यात राहायची, म्हणून डबा घेऊन यायची. सगळ्या वर्गात ती एकटीच मोठ्यानं बोलत होती.

चौदा वर्षांची पोरं ती. आदल्या दिवशी एका खोडरबरासाठी एकमेकांच्या उरावर बसलेली. त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं की बोलू नका. त्यांच्या पुढ्यात हे पूर्वी घडलेलं होतं, ती बघत मोठी झाली होती. पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिच्याकडं छत्तीस रंगांचे नवे स्केचपेन होते, कुणाला हात लावू द्यायची नाही. ती पेटी तिनं सानिकाच्या बाकावर नेऊन ठेवली आणि म्हणाली, ‘घे, कुठला पण घे.’ एकानं तिची पट्टी धरली. एकानं तिच्या कागदावरची राख फुंकली. सानिका खूश. माझ्याकडं बघून हसत म्हणाली, ‘सर, आज सगळी लय चांगली वागत्यात माझ्यासंगं. काय भानगड हाय?’

मी म्हणालो, ‘तुझं चित्र चांगलं झालंय ना, म्हणून.’

अडीचला तिचं आठवं पान झालं. ती ते घेऊन टेबलाजवळ आली. आई सुकाणू धरल्यासारखी ताठ, पदर कमरेला खोचलेला. आणि मागं वडील. तो चेहरा मला आत्ताही जसाच्या तसा आठवतो. एका हातानं बॅग, दुसऱ्या हातानं सीटची कड घट्ट धरलेली, भुवया वर गेलेल्या. भीती वाटतेय, कौतुकही वाटतंय आणि जायचंही आहे, असं तिन्ही त्या एवढ्याशा चेहऱ्यात उतरलं होतं. चांगल्या चांगल्या चित्रकारांना जमत नाही ते या पोरीला जमलं होतं. शाळा सुटायला अडीच तास होते.

मी म्हणालो, ‘चेहरा नाही जमला. परत काढ.’

तिनं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘पप्पा असंच दिसत्यात, सर.’

‘नाक मोठं झालंय. नवीन कागद घे.’

दुसऱ्यांदा तिनं नाक लहान केलं. मी म्हणालो, डोळे जमले नाहीत. तिसऱ्यांदा मी काय खोट काढली ते आठवतही नाही. वर्गात आवाज नव्हता. एकेचाळीस पोरं खाली माना घालून आपापल्या कागदावर रेघा ओढत होती आणि मी एका मुलीला तिच्या वडिलांचा चेहरा पुन्हा पुन्हा चुकलाय म्हणून सांगत होतो. तिची जीभ आता बाहेर येत नव्हती. चौथ्यांदा ती आली तेव्हा पावणेपाच झाले होते. चेहरा सरळ, गुळगुळीत, कुणाचाही म्हणून चालेल असा. मी म्हणालो, ‘आता बरोबर.’

पाचला चुलता मोटरसायकल घेऊन आला. ती मागं बसली, आणि जाताना तिनं माझ्याकडं बघून हात केला. मीही केला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. मैदानावर अंत्यसंस्काराला गाव लोटलं. पोरं ओळीत उभी होती, नेहमीसारखी सरळ. मीही होतो. पुढं काय झालं ते अशा गावांत राहणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. पंधरा दिवसांनी सानिका शाळेत आली. मी तिची चित्रकथा तपासून ठेवली होती, वीसपैकी वीस. तिनं ती घेतली, न उघडता दप्तरात घातली आणि जागेवर जाऊन बसली. नंतरच्या सव्वा वर्षात ती माझ्याशी नीट वागली. विचारलं तर उत्तर द्यायची. चित्रं सांगितलेली तेवढी काढायची. त्यात चूक काही नसायची.

पुढं माझी बदली झाली. आमच्या संस्थेच्या शाळा दोन-तीन जिल्ह्यांत आहेत, तीन-चार वर्षांनी कुठं तरी उचलून टाकतात. लोणंदला आलो. इथं कांद्याचा बाजार, रेल्वेचं फाटक, धूळ. चित्रकथा पुन्हा दिली नाही. स्वतःची समजूत मात्र मी छान घालून ठेवली होती: त्या पोरीला आपल्यामुळं एक दिवस जास्तीचा मिळाला. बाप जिवंत असल्याचा एक सबंध दिवस, तोही हसण्या-खिदळण्यातला, सगळ्या वर्गाच्या मायेतला. कुणी विषय काढला तर मी हेच सांगायचो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘हो, बरोबरच केलंत.’ पण तिनं ते भाजी निवडता निवडता म्हटलं, आणि तेव्हा तिनं माझ्याकडं बघायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

गेल्या पंधरवड्यात एका प्रशिक्षणासाठी सांगलीला गेलो होतो. परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये बसलो. ‘सर,’ म्हणून कुणीतरी हाक मारली. सॅक लावलेली एक उंच मुलगी. मी आधी ओळखलं नाही आणि मग एकदम ओळखलं. सानिका. सांगलीत कॉलेजला होती, शेवटचं वर्ष. मी म्हटलं, बस, चहा घे. बसली. आई कशी आहे विचारलं. बरी आहे म्हणाली, आता पलूसला नोकरी करते, स्कूटीवरून जाते-येते. चित्रं काढतेस का? ‘न्हाई.’

चहा आला. मी उगाच साखर ढवळत बसलो. मग माझ्या तोंडून गेलं, ‘तो दिवस मला अजून आठवतो गं. म्हटलं, तुला एक दिवस तरी जास्त मिळू दे.’

तिनं कप खाली ठेवला. रागावली नाही. अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘मला कुठं मिळाला, सर? मी येड्यासारखी हसत होते आणि सगळी बघत होती. पप्पा गेले त्या दिवशी मी काय केलं, तर स्केचपेन मिळाले म्हणून नाचले. दिवस तुमाला मिळाला. सांगायचं टळलं तेवढं.’

मी मान खाली घातली. ती बरोबर बोलत होती आणि मला ते सहा वर्षं माहीत होतं. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मिसळीला जादा पाव मागत होतं. मी म्हणालो, ‘पहिला चेहरा बरोबर होता, सानिका. पहिलाच बरोबर होता.’

‘ते मला ठाव हाय,’ ती म्हणाली. ‘पप्पा माझंच होतं की.’

मग कप बाजूला सारून म्हणाली, ‘एक सांगू, सर? मला कुणी सांगितलंच न्हाई. अजूनपर्यंत. दुसऱ्या दिवशी माणसं गल्ली झाडायला लागली, पाव्हणं आलं, मम्मी ओरडली, मग मला आपलं आपलंच कळलं. काकांनी न्हाई, आजीनं न्हाई, तोंडानं कुणीच सांगितलं न्हाई. नंतर सगळ्यांना वाटलं, हिला म्हाईतच हाय.’ ती थांबली. ‘तुमी सांगा.’

‘काय?’

‘तवा जे सांगायचं होतं ते.’

मी इकडंतिकडं बघितलं. कॅन्टीनमध्ये गर्दी होती, गाड्या लागत होत्या, माईकवरची बाई कुठलं तरी गाव पुकारत होती. अंगात काही भरून आलं, डोळ्यांत पाणी आलं, असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसलं काही झालं नाही. ती समोर बसून होती, दोन्ही हात टेबलावर ठेवून, वर्गात बसायची तशी, माझ्या तोंडाकडं बघत.

‘सानिका,’ मी म्हणालो, ‘तुझे पप्पा गेले.’

तिचा चेहरा आधी तसाच राहिला. मग हनुवटी हलायला लागली.

‘कवा?’

‘आज पहाटे. तुझे काका येऊन सांगून गेले.’

तिनं मान हलवली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. थोड्या वेळानं ती उठली, सॅक खांद्यावर घेतली आणि टेबलाजवळ उभी राहिली.

‘मी घरी जाऊ का, सर?’

‘जा,’ मी म्हणालो.